खेळ कुठे गेले?

चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसासमोर सूरपारंब्या, विटीदांडू, लगोरी, डबा ऐसपैस ही नावं काढा. पुढचा अर्धा तास तो भरभरून बोलतो. शेवटी मात्र बहुतेकांची गाडी एकाच वाक्यावर येते: या मोबाइलने मुलांचं बालपण खाल्लं. ही हळहळ खरी आहे, पण निदान अपुरं आहे. आपल्या गल्ल्या ओस पडू लागल्या तेव्हा मोबाइल कुणाच्या खिशात नव्हता. हे खेळ तीन गोष्टींवर उभे होते: घराजवळची मोकळी जागा, कुणाला हिशेब द्यावा न लागणारा वेळ आणि सहा ते सोळा वयाच्या मुलांची एकत्र टोळी. या तिन्ही गोष्टी एकामागून एक काढून घेतल्या गेल्या आणि त्या मुलांनी नव्हे, मोठ्यांनी काढून घेतल्या. म्हणून नुसतं आठवणीत रमण्यापेक्षा काय होतं, कुणाकडे होतं, कसं गेलं आणि त्यातलं काय परत आणता येईल, हे नीट तपासायला हवं.

खेळांचं पंचांग

खेळांना ऋतू होते आणि ते कुणी शिकवावे लागत नसत. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की लोखंडी सळई जमिनीत रुतवत पुढे जायचा खेळ सुरू होई. सळई आडवी पडली की डाव गेला. नागपंचमीला झाडांना झोके लागत. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन मुलांचा तान्हा पोळा निघे. आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की मुली भोंडल्याच्या फेरात आणि मुलं किल्ल्यासाठी पडक्या भिंतीची माती आणायला. दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवायची, तीही मावळे ठेवायच्या आधी. संक्रांतीला पतंग, होळीआधी घरोघर हिंडून लाकडं-गोवऱ्या गोळा करणं आणि परीक्षा संपली की खरा हंगाम.

उन्हाळ्यात गावाकडे विहिरीत पोहायला शिकणं हा मोठाच सोहळा असे. पाठीला सुकड किंवा रिकामा डबा बांधून मोठा भाऊ, काका नाहीतर मामा सरळ पाण्यात ढकलून देई. कोकणात आणि गोव्यात काजूच्या बिया रांगेने मांडून लांबून नेम धरायचा. जिंकलेल्या बियांनी खिसे फुगायचे. विटीदांडू तर सगळीकडेच, फक्त नाव बदले. गोव्यात तो कोयंडो-बाल. देशावर वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजत पाय, हात, डोळा अशा वेगवेगळ्या जागांवरून विटी टोलवत. लगोरीला कुठे लिंगोरचा म्हणत. भोवरा, गोट्या, जुन्या टायरचा गाडा, ठिकरीची लंगडी, विषामृत, साखळी, शिवाशिवी, आबाधुबी ही यादी कुणाच्याही एका बालपणात मावणारी नाही.

या सगळ्यांना लागणारं साहित्य बघा. झाडाची फांदी, फुटक्या कौलाचे तुकडे, सायकलची निकामी धाव, चिंचोके, सागरगोट्याच्या झुडपाच्या राखी गुळगुळीत बिया, कापडाच्या चिंध्यांचा चेंडू. दुकानातून आणाव्या लागणाऱ्या वस्तू म्हणजे भोवरा, गोट्या आणि पतंगाचा मांजा. त्यामुळे कुणाच्या बापाकडे किती पैसा आहे, यावर खेळात घ्यायचं की नाही हे ठरत नसे.

राज्य कुणावर?

खेळ सुरू होण्याआधीच निम्मा खेळ झालेला असे. तिघांनी हात एकत्र आणून उताणे-पालथे टाकायचे. ज्याचा हात वेगळा पडला तो सुटला. शेवटी जो उरला त्याच्यावर राज्य. ना शिक्षक, ना पंच, तरी हा निवाडा सगळ्यांना मान्य.

डबा ऐसपैस घ्या. एकजण अंगातलं सगळं बळ लावून डबा भिरकावतो. राज्य असलेल्याने तो आणून, उलटं चालत येऊन रिंगणात ठेवायचा. तेवढ्या वेळात बाकीचे पसार. मग लपलेला दिसला की डब्यावर हात आपटून त्याचं नाव घेत ‘ऐसपैस’ ओरडायचं. नाव चुकलं तर अंडं फुटलं, म्हणजे राज्य पुन्हा त्याच्याचवर. म्हणून लपलेली मुलं भिंतीआड शर्टांची अदलाबदल करत आणि नुसती बाही बाहेर काढून दाखवत. आणि सगळे पकडले गेले असताना शेवटचा एकजण कुठूनतरी सुसाट येऊन डब्याला लाथ घाली, की सगळ्यांची सुटका. नियम, नियमातली पळवाट, पळवाटेला उतारा आणि हरत आलेल्या डावात उरलेली आशा, एवढं सारं एका रिकाम्या डालड्याच्या डब्याभोवती घडे.

सूरपारंब्यांत याहून अधिक धाडस. वडाखाली रिंगण आखायचं, एकाने पायाखालून काठी, म्हणजे सूर, लांब फेकायचा. राज्य असलेला तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीचे झाडावर. मग त्याने वर चढून कुणालातरी शिवायचं आणि इतरांनी पारंबी धरून खाली उडी मारून सूर गाठायचा. कुठली फांदी कुणाचं वजन पेलेल, हे दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांनी कळत असे.

आणि लिंबूटिंबू. या एका पदासाठी मला आपल्या गल्लीतल्या त्या मुलांचा फार अभिमान वाटतो. मोठ्या भावामागे आलेलं चार-पाच वर्षांचं पोर खेळात घ्यायचं, त्याला धावू द्यायचं, ओरडू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य आणायचं नाही. ते दुबळं आहे म्हणून त्याला हाकलत नसत आणि त्याच्यामुळे खेळही बिघडू देत नसत. एक-दोन वर्षांनी कधीतरी पहिल्यांदा त्याच्यावर राज्य येई, आणि ते पोर रडण्याऐवजी फुशारकीने घरी सांगे. त्या दिवशी ते टोळीत आलेलं असे.

धाप लागली तर मनगट तोंडाला लावून ‘टाइमप्लीज’ म्हणता येई. सतत मागणाऱ्याला मिळत नसे. रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी भिडू मिळत नसे. भांडणं रोज होत, कट्टी होई, पण खेळायला माणसं लागत म्हणून बट्टीही लवकर होई. मोठ्यांकडे तक्रार नेणं कमीपणाचं मानलं जाई. मुलांचं हे राज्य मुलंच चालवत होती, आणि या खेळांचा गाभा मला तिथे दिसतो.

अंगणातून मैदानात

हे खेळ किती जुने, याची साक्ष संतसाहित्यात मिळते. एकनाथ आणि तुकाराम यांनी फुगडी, हमामा, हुतूतू, विटीदांडू अशा खेळांवर रचना केल्या. अध्यात्म सांगायला त्यांनी श्रोत्यांच्या रोजच्या पाहण्यातले डाव उचलले. बायकांचे खेळ आणि त्यांची गाणी जपण्यात सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेल्या लोकसाहित्याच्या संग्रहांचं मोल मोठं आहे. बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाच्या दहा खंडांमुळे देशी व्यायाम आणि खेळ एकत्र नोंदले गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रीय भावनेतून यातल्या काही खेळांना नियमांत बसवण्यात आलं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात 1914च्या सुमारास खो-खोचे नियम ठरू लागले. हुतूतूचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने 1923मध्ये छापले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुढे कबड्डी 1990मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकांचा खेळ झाली, 2014पासून प्रो कबड्डीमुळे घराघरांतल्या पडद्यावर आली. जानेवारी 2025मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताने पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदं मिळवली आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

या यशाचा आनंद आहेच. पण मॅटवरची कबड्डी आणि गल्लीतला हुतूतू यांचं काम वेगळं आहे. स्पर्धेत निवडक सात जण उतरतात आणि नियम पुस्तकातून येतात. गल्लीत जितकी मुलं जमतील तितकी खेळतात आणि आज जागा अरुंद आहे, भिडू विषम आहेत, म्हणून नियम आजच्यापुरते बदलतात. आट्यापाट्या मात्र दोन्हीकडून दुरावल्या. फक्की टाकून पाट्या आखाव्यात एवढी जागा गल्लीत उरली नाही आणि मोठ्या लीगचं भाग्यही त्यांना लाभलं नाही.

या आठवणींत कोण नाही?

आठवणी सांगणाऱ्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ते अंगण सगळ्यांचं नव्हतं. मुलगी वयात आली की तिचं बाहेर खेळणं बंद होई, आणि पुष्कळदा त्याआधीच धाकट्या भावंडाला कडेवर देऊन तिचे हात बांधले जात. सागरगोटे, काचापाणी, ठिकरी हे खेळ मुलींचे ठरले, कारण ते ओसरीवर, घरातून हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर खेळता येत. मंगळागौरीची रात्र आणि भोंडल्याच्या संध्याकाळी यांचं अप्रूप एवढं मोठं होतं, कारण एरवी मिळत नसे ती मोकळीक तेव्हा मिळे.

गावात कुणाच्या विहिरीत कुणाच्या मुलांनी उतरायचं, हे जात ठरवत असे. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या मुलाला टोळीत घेतलं तरी घरात पाण्याला घेत नसत आणि ते त्याच्या लक्षात आयुष्यभर राहत असे. ज्यांची सकाळ-दुपार गुरं राखण्यात किंवा रोजंदारीत जाई, त्यांनी खेळ कामातच बसवला. गुराख्यांचे कितीतरी खेळ असेच रानात वाढले. शिवाय विटी डोळ्याला लागून अधू झालेली, पारंबीवरून पडून हात मोडलेली, विहिरीत कायमची गेलेली मुलं जवळपास प्रत्येक गावाच्या आठवणीत आहेत. जे परत आणायचं आहे ते या सगळ्यासकट नको. मुलींना आणि प्रत्येक वस्तीतल्या मुलांना बरोबरीने मिळेल असंच अंगण आता हवं.

गेले कसे?

पारंपरिक खेळ लोप पावत आहेत, ही कुरकूर नवी नाही. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने ब्रिटनमधल्या दहा हजारांहून अधिक मुलांकडून माहिती गोळा करून 1969मध्ये रस्त्यावरच्या खेळांवर मोठं पुस्तक सिद्ध केलं, तेव्हाही मोठ्या माणसांची तक्रार हीच होती, आणि प्रत्येक पिढीने ती केलेली होती. मग आपली हळहळही तशीच समजायची का? तसं म्हणता येत नाही, कारण मुलांचं एकट्याने बाहेर फिरणं खरोखर घटल्याची मोजमापं आहेत. मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत इंग्लंडमध्ये 1971 साली सात-आठ वर्षांची 80 टक्के मुलं शाळेत एकटी जात होती. 1990 साली हे प्रमाण 9 टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे हा सारा बदल स्मार्टफोनच्या कितीतरी आधीचा. तिथल्या पालकांच्या मनातली मोठी भीती वाहनांची होती.

आपल्याकडे तीच वाट थोडी उशिरा आली. देशात 1951 साली सुमारे 3 लाख मोटारवाहनं होती, 1981 साली 54 लाख, आणि 2020पर्यंत ती 32 कोटींच्या पुढे गेली. आळी, बोळ, चाळीपुढचा रस्ता ही मुलांची जागा होती; ती आधी धावत्या आणि मग उभ्या गाड्यांनी घेतली. वाडे पाडून इमारती झाल्या, चौकाचं पार्किंग झालं आणि उरलेल्या फरशीवर ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लागली.

मुंबईला तर मोठी संधी मिळाली होती. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीचे तीन भाग करून एक मोकळ्या जागा व सार्वजनिक सुविधांना, एक परवडणाऱ्या घरांना आणि एक मालकांना, अशी तरतूद 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने 2006मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरणगावातल्या ज्या पोरांमधून चाळींच्या मधल्या पट्ट्यात कबड्डीचे खेळाडू घडले, त्यांच्या नातवंडांना मिळू शकणारी मैदानं तिथे कायमची हुकली. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं शहरात दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी म्हणतात. मुंबईकराच्या वाट्याला जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर येते.

वेळेचंही तसंच. दहावीच्या गुणांना सोन्याचं मोल आलं, नववीच्या सुट्टीत व्हेकेशन बॅच सुरू झाल्या आणि मग त्यांचं लोण खालच्या इयत्तांत आलं. ज्यांना परवडलं त्यांनी उरलेले तासही पोहणं, कराटे, अबॅकस अशा शिकवण्यांत वाटून टाकले. टोळीही आटली. 1970च्या आसपास भारतात एका स्त्रीला सरासरी पाचाहून अधिक मुलं होत. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आहे. कुटुंबं लहान झाली हे भल्यासाठीच झालं, विशेषतः आईच्या. पण चुलत-मावस भावंडांची, वेगवेगळ्या वयांची जी फौज आपोआप उभी राहत असे ती संपली. थोरला नाही, म्हणून शिकवणारा नाही. लिंबूटिंबू नाही, म्हणून सांभाळून घ्यायला कुणी नाही.

या पार्श्वभूमीवर पडदा आला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. 1982च्या आशियाई स्पर्धांबरोबर रंग आले. 1987मध्ये ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारच्या सकाळी रस्ते ओस पडले. 1983च्या विश्वचषकानंतर गल्लीतले बाकीचे डाव क्रिकेटपुढे मागे पडले, मात्र मुलं निदान बाहेर होती. 2016नंतर स्वस्त डेटासह मोबाइल हाती आला तेव्हा मुलं आधीच घरात येऊन बसलेली होती. मोबाइलने त्यांना तिथे खिळवून ठेवलं. हा दोष लहान नाही, पण त्या रिकाम्या खोलीत मुलाला नेऊन बसवणारे आपण होतो.

नुकसान कशाचं?

शरीराचं नुकसान मोजता येतं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. डबा ऐसपैसच्या दोन डावांत ती सहज होत असे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2015मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्या गटात सुमारे 30 टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली, दुसऱ्या गटात सुमारे 40 टक्क्यांना. एवढा फरक कुठल्याही औषधाशिवाय, केवळ बाहेर राहिल्याने पडला.

मनाचं नुकसान मोजणं अवघड. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांनी 2011मध्ये असं मांडलं, की मुक्त खेळ घटत गेला त्याच दशकांत मुलांमधली चिंता आणि नैराश्य वाढत गेलं, आणि यांचा संबंध असावा. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे ध्यानात ठेवूनही त्यांचं म्हणणं विचारात घ्यावं असं आहे. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय खेळताना मूल भीतीची मात्रा स्वतः ठरवतं. पारंबीच्या कुठल्या गाठीपर्यंत चढायचं, हे त्याच्या हातात असतं. हरल्यावर उद्या पुन्हा यायचं असतं. जो मुद्दा पटत नाही तो पटवून द्यावा लागतो, नाहीतर खेळ मोडतो. हे शिकवणीत मिळत नाही, कारण शिकवणीत भांडण झालं की सर येतात.

आता काय?

शाळांमधून ‘पारंपरिक खेळ दिवस’ होतात. मुलं फेटे बांधून भोवरा फिरवतात, छायाचित्रं निघतात. ओळख व्हायला ते बरं. पण वर्षातल्या एका दिवसाने सवय लागत नाही. खेळ परत येण्यासाठी नियम शिकवण्याची फारशी गरजही नाही, ते मुलं स्वतः रचतात. जागा, वेळ आणि सोबती मात्र मोठ्यांनीच परत करायला हवेत.

जागेचं उत्तर अशक्य नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये वास्तुरचनाकार आल्डो व्हॅन आयक यांनी 1947पासून तीन दशकांत गल्लीबोळांतल्या छोट्या मोकळ्या तुकड्यांवर सातशेहून अधिक क्रीडांगणं उभी केली. वाळूचा हौद, बसायला दगड, चढायला लोखंडी कमान, एवढंच साहित्य आणि बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. ब्रिस्टलमध्ये 2009मध्ये पालकांनी आपली गल्ली काही तास वाहनांना बंद करून मुलांना मोकळी करून दिली आणि ती रीत ब्रिटनभर पसरली. आपल्याकडेही दहीहंडी आणि गणेशोत्सवासाठी रस्ते बंद होतात. आठवड्यातल्या एका संध्याकाळी दोन तास मुलांसाठी एक गल्ली बंद करणं आपल्याला जमणार नाही, असं नाही.

त्याहून सोपं म्हणजे शाळेची मैदानं. शिक्षण हक्क कायदा शाळेला मैदान हवं म्हणतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळांची मैदानंही संध्याकाळी आणि सुट्टीत बहुधा कुलूपबंद असतात. नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी रखवालदाराचा पगार आणि दिव्यांची सोय केली तर ती त्या परिसरातल्या सगळ्या मुलांना, कुठल्याही वस्तीतल्या, कुठल्याही शाळेतल्या मुलांना खुली करता येतात. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि पुरेसा उजेड या दोन गोष्टी नसतील, तर ते मैदान पुन्हा फक्त मुलग्यांचंच होईल. सोसायट्यांनी मनाईच्या पाट्या काढून दोन गाड्यांची जागा सोडावी. पालकांनी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कुठल्याच क्लासला देऊ नयेत, आणि शेजारच्या पालकांनीही त्याच दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्यात, नाहीतर खाली उतरलेल्या मुलाला भिडूच मिळणार नाही.

खेळण्याचा आणि विश्रांतीचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेत 31व्या कलमात लिहिलेला आहे आणि भारताने ती 1992मध्ये स्वीकारली आहे. तो हक्क खरा की कागदावरचा, हे पाहायला एकच कसोटी पुरे: तुमच्या वॉर्डातली दहा वर्षांची मुलगी कुणाचा हात न धरता, रस्त्याला न भिता, पाच मिनिटं चालत खेळायच्या जागी पोचू शकते का? पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण हा प्रश्न विचारला पाहिजे.